निवेदन वेगळं, मागणीपत्र वेगळं

डिसेंबर लागला की नागपुरात मोर्च्यांचा हंगाम सुरू होतो. अधिवेशन विधानभवनात, आणि मोर्चे टेकडी रोडवर नाहीतर मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर पोलिसांच्या कठड्याला टेकलेले. आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, पोषण आहार शिजवणाऱ्या बाया, कंत्राटी सिस्टर, शाळेतले शिपाई, सगळे दरवर्षी येतात. पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देतं, "आम्ही सकारात्मक आहोत" हे ऐकून बाहेर येतं.

मोर्च्याला नावं ठेवायची नाहीत. सरकार ज्यांचं मालक आहे त्यांना दुसरा रस्ता फारसा नसतो. पण निवेदन म्हणजे विनंती, तिला उत्तर देणं कुणावर बंधनकारक नाही. मागणीपत्राचं तसं नाही. ते मालकाकडे रीतसर पोचलं आणि त्याने नाकारलं किंवा मौन धरलं, की कायद्याच्या भाषेत वाद निर्माण होतो आणि मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या समेट अधिकाऱ्याचं दार उघडतं. निवेदन देऊन "आम्ही मागणी केली आहे" असं समजणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक.

तोंडी शब्दाची किंमत आशाताईंना चांगली ठाऊक आहे. 2023 च्या संपात दरमहा 7,000 रुपये वाढीची घोषणा झाली, संप मागे घेतला गेला, शासन निर्णय मात्र निघाला नाही. जानेवारी 2024 मध्ये पुन्हा संप करावा लागला आणि मार्चमध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केले 5,000. बोलण्यात सात, कागदावर पाच.

आधी मालक शोधा

कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या एकाच वॉर्डात उभं राहून मोजा. मेडिकल किंवा मेयोसारख्या शासकीय रुग्णालयात कक्षसेवक शासनाचा कायम कर्मचारी असतो. त्याच्यावर 1979 चे आचरण नियम चालतात आणि सेवेचं भांडण प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठात जातं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून लागलेल्या सिस्टरची नेमणूक ठरावीक मुदतीची, मधे ब्रेक देऊन पुन्हा तीच. सफाई आणि सुरक्षा कंत्राटदाराची. पेशंटला घेऊन आलेल्या आशाताईला वेतन नाही, मोबदला आहे. खासगी रुग्णालयात वर "ट्रेनी" नावाचा आणखी एक प्रकार, जो तीन-तीन वर्षं शिकतच असतो.

शाळेतही हेच. अनुदानित शाळेचा क्लार्क, विनाअनुदानित शाळेची मावशी, वाहतूक कंत्राटदाराने ठेवलेली बस अटेंडंट, पोषण आहाराची स्वयंपाकीण: आवार एक, मालक चार. या सगळ्यांचं मिळून एकच मागणीपत्र काढलं की व्यवस्थापनाचा वकील पहिल्याच बैठकीत अर्ध्या मागण्यांवर लिहितो, "संबंधित व्यक्ती आमचे कर्मचारी नाहीत." तिथेच सहा महिने जातात. सभा एकत्र घ्या, झेंडा एक ठेवा, पण मागणीपत्रं मालकागणिक वेगळी काढा.

रुग्णालय आणि शाळा हा "उद्योग" आहे का, हा वाद जुना. 1978 च्या बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने दोन्ही आत घेतले. 1988 मध्ये शिक्षक "कामगार" नाहीत असं त्याच न्यायालयाने ठरवलं, शिपाई-क्लार्क-मावशींना मात्र ते लागू नाही. म्हणून शाळेत शिक्षकांना घेऊन युनियन काढली तर औद्योगिक कायद्याखालचा वाद शिक्षकेतरांच्याच नावाने मांडावा.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तिच्यात एक खाच आहे. संपूर्णपणे किंवा बहुतांशी धर्मादाय, सामाजिक काम करणाऱ्या संस्थांनी चालवलेली ठिकाणं "उद्योग" या व्याख्येतून वगळली आहेत. नागपुरातली किती रुग्णालयं आणि शाळा ट्रस्टच्या नावावर आहेत ते पाहा, म्हणजे हा मुद्दा किती वेळा निघणार ते कळेल. त्याला उत्तर भावनेने देता येत नाही, कागदाने देता येतं. दरपत्रक, पेशंट भरती करताना घेतलेल्या डिपॉझिटच्या पावत्या, कॅशलेस विमा कंपन्यांच्या याद्या जमवा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मग उरलेल्या 80 टक्के खाटा कोणत्या दराने भरतात, हा प्रश्न "बहुतांशी" या शब्दाला थेट भिडतो.

मस्टरवरची बेरीज

युनियन नोंदवायला सात जणांची सही लागते, पण तेवढ्याने भागत नाही. आस्थापनेतल्या कामगारांपैकी 10 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा सभासद असावा लागतो. वाटाघाटीच्या टेबलावर एकट्याने बसायचं असेल तर मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा हवा. एवढा कुणाकडेच नसेल तर वाटाघाटी परिषद बनते आणि 20 टक्क्यांच्या आतल्या युनियनला तिच्यात जागा नाही. राज्याच्या 1971 च्या कायद्यातला मान्यतेचा 30 टक्क्यांचा आकडा जुन्या लोकांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. त्याच्या भरवशावर राहू नका.

गडबड होते ती कुठे? सभासद मोजताना कंत्राटी मुलंही धरली जातात. सभेला गर्दी दिसते, वर्गणी येते, सगळे खूश. पण कंत्राटी कामगार रुग्णालयाच्या मस्टरवर नसतात, त्यामुळे पडताळणीत ते गळतात आणि 60 टक्के वाटलेला आकडा 38 वर येतो. दुसरी गोष्ट वर्गणीच्या पावत्यांची. वर्षाची पावती एकदम फाडण्यापेक्षा दर महिन्याची फाडा, क्रमांकाने, स्थळप्रतीवर सही घेऊन. कंटाळवाणं काम आहे, आणि पडताळणीच्या दिवशी तेच उपयोगी पडतं.

मागणीपत्रात काय घालू नये

जे कायद्याने आधीच मिळायला हवं ते मागू नका. किमान वेतन, दुप्पट दराने ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय (कामगार विमा), पगार स्लिप या तक्रारी आहेत, मागण्या नव्हेत. त्यांचा वेगळा अर्ज करा. मागणीपत्रात त्या टाकल्या की व्यवस्थापन "पीएफ सुरू करतो, मग रात्रपाळी भत्ता सोडा" असा सौदा करतं, आणि आपल्याच खिशातला रुपया आपल्याला परत देऊन वर आभार घेतं.

रुग्णालयात असा एक हक्क कायम विसरला जातो. जैववैद्यकीय कचरा नियम, 2016 नुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा तरी तपासणी करणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. पिवळी, लाल पिशवी किंवा पांढरा, निळा डबा उचलणारा कंत्राटदाराचा असला तरीही. सुई टोचली तर एचआयव्ही प्रतिबंधक औषध लवकरात लवकर, शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांत सुरू व्हायला हवं. ते रात्री दोन वाजता कुणाकडे मिळेल हे वॉर्डात लिहून लावण्याची मागणी मात्र जरूर करा. तिला खर्च शून्य आहे.

बोनसचा सापळा ट्रस्टच्या ठिकाणी हमखास. बोनस कायद्याने शिक्षणसंस्था आणि नफ्यासाठी नसलेली रुग्णालयं वगळली होती. तिथे "8.33 टक्के बोनस द्या" म्हटलं की कायद्याचं बोट दाखवून मागणी बाद होते. "दिवाळीपूर्वी सानुग्रह अनुदान" म्हणा, रक्कम लिहा. ग्रॅच्युइटीला असली सूट नाही. शेवटचा पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं, हे शाळेच्या मावशीलाही लागू आहे.

मागण्या बारा-पंधराच्या वर नकोत. चाळीस मागण्यांचं पत्र म्हणजे आम्हाला नेमकं काय हवं ते ठरलेलं नाही, अशी कबुलीच.

आकडा घेऊनच बसा

"साहेब, महागाई किती वाढली!" या वाक्याने एक रुपयाही वाढत नाही. समोरचा अकाउंटंट खर्चाचा तक्ता घेऊन येतो. आपल्याकडेही तो हवा.

समजा 120 कर्मचाऱ्यांना दरमहा 1,500 रुपये वाढ मागायची आहे. सरळ बेरीज 1,80,000. त्यावर मालकाचा पीएफ प्रशासन आणि विम्यासह 13 टक्के धरला तर 23,400. ईएसआयचा मालकाचा हिस्सा 3.25 टक्के, म्हणजे 5,850. ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के, 8,658. एकूण 2,17,908 महिन्याला, वर्षाला 26,14,896. हा जास्तीत जास्त आकडा. ज्यांचा पीएफ 15,000 च्या मर्यादेवर कापला जातो आणि पगार आधीच त्याच्या वर आहे त्यांचा पीएफ वाढत नाही, आणि 21,000 च्या वरच्यांना ईएसआय नाही. व्यवस्थापन खर्च चाळीस लाख सांगत असेल तर हा कागद पुढे सरकवायचा आणि त्यांचा मागायचा.

या 21,000 च्या रेषेकडे नीट पाहा. 20,600 पगार असलेल्या माणसाला 1,500 मिळाले की तो 22,100 वर जातो आणि चालू अंशदान कालावधी, म्हणजे मार्च किंवा सप्टेंबर, संपला की ईएसआयमधून बाहेर पडतो. सोमवारीपेठेतल्या ईएसआय रुग्णालयात ज्यांच्या घरच्यांचे उपचार चालू असतात त्यांना हे फार उशिरा कळतं. असे किती जण रेषेच्या आसपास आहेत ते पगार स्लिपांवरून आधीच काढा आणि त्यांच्यासाठी गटविम्याचा मुद्दा त्याच करारात घाला. वाढ भत्त्यांत विभागून पीएफ वाचवण्याची जुनी युक्ती आता तेवढी चालत नाही, कारण भत्ते एकूण मोबदल्याच्या 50 टक्क्यांच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

टक्के की ठोक रक्कम, यावर मालकाशी कमी आणि आपसांत जास्त भांडण होतं. 14,000 वाल्या आयाला 10 टक्क्यांनी 1,400 मिळतात, 30,000 वाल्या सिस्टरला 3,000. ठोक 2,000 म्हटलं की सिस्टर नाराज. 1,000 अधिक 5 टक्के असा मेळ घातला तर 1,700 आणि 2,500 होतात, दोघींना पचतात. हे बैठकीच्या टेबलावर ठरवायचं नसतं. सिस्टर आणि वर्ग-चारचे यांच्यातली फट व्यवस्थापनाला आपल्याआधी दिसते.

पैशापेक्षा मोठी मागणी माणसांची, आणि ती मांडायला गणित लागतं. चोवीस तास एक माणूस हवा अशी एक जागा घ्या, लिफ्ट म्हणा किंवा आयसीयूचं दार. आठ तासांच्या तीन पाळ्या गुणिले 365, म्हणजे वर्षाला 1,095 पाळ्या. एक माणूस वर्षात किती पाळ्या करू शकतो? 365 मधून 52 साप्ताहिक सुट्ट्या, 8 सणाच्या, 8 किरकोळ रजा आणि वीस दिवसांमागे एक या हिशेबाने सुमारे 14 अर्जित रजा वजा करा. उरतात 283. 1,095 भागिले 283, म्हणजे 3.87. एका जागेला चार माणसं लागतात आणि बहुतेक ठिकाणी तीन दिलेली असतात. चौथ्याचं काम डबल ड्युटीने, रद्द केलेल्या रजांनी आणि "आज जरा थांबून जा"ने निघतं. "कर्मचारी वाढवा" ही घोषणा झाली. "या अकरा जागांना 33 आहेत, 43 लागतात" ही मागणी.

नागपूरच्या उन्हाचं कलमही घाला, लाजू नका. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि कचरा साठवणुकीची खोली, गेटवरची केबिन, पोषण आहाराचं पत्र्याचं किचन यांना कूलर आणि थंड पाण्याची सोय कुणी आपणहून करत नाही.

शाळांचं थोडं निराळं

खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा विनाअनुदानित मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे, आणि शिक्षकेतरांनाही. बडतर्फी, सेवेतून काढणं किंवा पदावनती झाली तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला फक्त 30 दिवस आहेत. "संस्थाचालकांशी बोलणं चालू आहे" म्हणत लोक ते घालवतात. बोलणं चालू ठेवा, अपीलही टाका. नागपुरात शाळा उघडायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो, त्यामुळे उन्हाळ्याचा बिनपगारी ब्रेक इथे जास्त लांबतो. मे-जूनच्या पगाराचं कलम त्यासाठीच वेगळं लिहून घ्यावं लागतं.

अनुदानित शाळांत डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने शिपायांच्या रिकाम्या होणाऱ्या जागांऐवजी ठोक शिपाई भत्ता आणला. तो प्रश्न मुख्याध्यापकाशी वाटाघाटी करून सुटणारा नाही. तिथे मोर्चा आणि न्यायालय हेच रस्ते. स्वयंपाकी बायांचंही तसंच: केंद्राचा 2009 चा दर दरमहा 1,000 रुपये, तोही वर्षातून दहा महिने, वरची भर राज्याची. शाळेच्या पातळीवर मात्र एक गोष्ट मोजता येते. 25 विद्यार्थ्यांपर्यंत एक, 26 ते 100 ला दोन, आणि पुढच्या प्रत्येक शंभराला एक वाढीव स्वयंपाकी, असं प्रमाण आहे. 240 पटाच्या शाळेत दोघीच शिजवत असतील तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा, बाकीच्या कुठे आहेत.

संपाची नोटीस

संहितेनुसार नोटीस दिल्यावर पहिले 14 दिवस संप करता येत नाही आणि 60 दिवसांनंतर त्या नोटिशीवर करता येत नाही. समेटाची कार्यवाही सुरू झाली की ती चालू असेपर्यंत आणि संपल्यावर 7 दिवस संपाला बंदी. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. आणि नोटिशीशिवाय दहा किंवा जास्त जण मिळून गैरहजर राहिले तर एका दिवसासाठी आठ दिवसांपर्यंत पगार कापता येतो. "उद्या सगळे सुट्टी मारू" हा मेसेज ग्रुपवर टाकणाऱ्याने हे आधी वाचावं. वर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा कायदा, आहेच.

थोडक्यात, रुग्णालयात संप हे हातात दिसत राहिलेलं बरं असं हत्यार आहे. नोटिशीसोबतच अपघात विभाग, आयसीयू, प्रसूती कक्ष आणि डायलिसिसला कोण कोण हजर राहील त्याची नावानिशी यादी युनियनने स्वतः द्यावी. समेट अधिकाऱ्यासमोर आणि वर्तमानपत्रात त्या एका यादीचं वजन दहा भाषणांपेक्षा जास्त पडतं. शाळेत बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर नोटीस देण्याचा मोह होतो. पालक उलटतात. प्रवेशाच्या हंगामात शाळेला गेटवरच्या काळ्या फिती जास्त झोंबतात.

सहीच्या आधी

प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी. ते देत नसतील तर दुसऱ्या दिवशी आपणच "कालच्या बैठकीत पुढील मुद्दे ठरले" असं पत्र आवक विभागात देऊन शिक्का आणि क्रमांकासह पोच घ्या. करार शक्यतो समेट अधिकाऱ्यासमोर करा. आपसांत केलेला करार सही करणाऱ्या पक्षांपुरता राहतो, समेटात झालेला आस्थापनेतल्या आजच्या आणि उद्याच्या सगळ्या कामगारांना लागू होतो.

"व्यवस्थापन रात्रपाळी भत्त्याबाबत सहानुभूतीने विचार करेल" हे कलम नव्हे. "1 एप्रिलपासून रात्री 9 ते सकाळी 7 या वेळेतल्या प्रत्येक पाळीस 100 रुपये, त्या महिन्याच्या पगारासोबत, पगार स्लिपवर स्वतंत्र रकान्यात" हे कलम. किती, कुणाला, कोणत्या तारखेपासून, कधीपर्यंत, कुठे दिसेल: यातलं एक जरी सुटलं तरी पुढचं वर्ष त्यातच जातं. मागील फरकाची रक्कम किती हप्त्यांत ते लिहा, मधल्या काळात निवृत्त झालेल्यांची नावं परिशिष्टात घाला. ती नावं आठवणीने कुणी घालत नाही.

कंत्राटी कामगारांच्या करारावर कंत्राटदारासोबत मूळ मालकाचीही सही मागा. कंत्राटदाराने पगार बुडवला तर देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, तेव्हा सहीला नकार देण्याचं त्यांना कारण नसावं. नवीन टेंडर निघालं तरी तीच माणसं राहतील असं कलम घाला. कंत्राटदार बदलताना जुन्याकडून सेवेचा दाखला घ्या, नाहीतर ग्रॅच्युइटीच्या वेळी प्रत्येक जण "माझ्याकडे पाच वर्षं झालीच नाहीत" म्हणेल. दाखला मिळाला नाही तर पीएफचं पासबुक उघडा, कोणत्या महिन्यात कुणी पैसे भरले ते तिथे ओळीने दिसतं.

सही झाल्यावर पहिल्या पगाराला प्रत्येक वॉर्डातल्या, प्रत्येक हुद्द्याच्या दोन-दोन स्लिपा जमवा आणि कराराच्या तक्त्याशी ताडून पाहा. वाढ बहुतेकांना बरोबर लागते. चुकते ती प्रसूती रजेवर असलेल्यांची आणि त्याच महिन्यात बदली झालेल्यांची, तेव्हा स्लिपा त्यांच्यापासून पाहायला घ्या.